व्हिटॅमिन ए पोटातून आणि चेहऱ्यावर: आधी मोजायचं कसं, मग लावायचं कसं

मी रेटिनॉलची (चेहऱ्याला लावायचं व्हिटॅमिन ए) पहिली बाटली आणली ती १ टक्क्याची होती, आणि पहिल्या रात्रीपासून रोज लावायला लागले कारण मला वाटलं जास्त लावलं की फरक लवकर दिसेल. पाचव्या दिवशी नाकपुड्यांच्या बाजूला आणि ओठांच्या कोपऱ्यात चिरा पडल्या, आठव्या दिवशी नुसतं पाणी लागलं तरी चेहरा चुरचुरायला लागला, आणि त्यावर मी स्क्रब केला, म्हणजे निघणारी सालं घासून काढली की खालची नवीन स्किन वर येईल असं मला खरंच वाटत होतं. ते बरं व्हायला दीड महिना गेला. स्किनच्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी चेहरा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "पोटातून काय काय घेताय?" मी म्हटलं एक मल्टिव्हिटॅमिन आणि केस गळतात म्हणून कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल. त्यांनी दोन्ही डब्यांवरचे आकडे मागून बेरीज केली आणि म्हणाल्या, तुमची दिवसाची गरज या दोन गोळ्यांतच दोनदा भरते, जेवण तर वेगळंच, आणि केस गळायचं एक कारण जास्तीचं व्हिटॅमिन ए सुद्धा असू शकतं.

मला ते माहीतच नव्हतं. म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय, कारण जी क्रीम आपण चेहऱ्याला लावतो आणि जी गोळी आपण गिळतो ती एकाच कुटुंबातली आहे, आणि दोन्हीकडे मात्रा मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही. ते मोजायचं कसं ते आधी सांगते, लावायचं कसं ते नंतर.

आधी हे काय आहे ते

व्हिटॅमिन ए म्हणजे एकच एक पदार्थ नाही. प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात ते तयार रूपात असतं, त्याला रेटिनॉल म्हणतात, आणि ते कलेजी, अंड्याचा पिवळा बलक, दूध, लोणी, माशाच्या यकृताचं तेल यात सापडतं. भाज्या आणि फळांत तयार व्हिटॅमिन ए नसतं, तिथे कॅरोटीन असतं, त्यातलं मुख्य बीटा कॅरोटीन, आणि आपलं शरीर त्यातून लागेल तेवढं व्हिटॅमिन ए बनवून घेतं. हा फरक नीट लक्षात ठेवा कारण पुढे सगळीकडे तो लागणार आहे. तयार रेटिनॉल जास्त झालं तर त्रास होतो कारण शरीराला ते नाकारता येत नाही, कॅरोटीनच्या बाबतीत मात्र शरीर आपोआप रूपांतर कमी करतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हे चरबीत विरघळणारं व्हिटॅमिन आहे. व्हिटॅमिन सी जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं, हे तसं जात नाही, हे यकृतात साठतं. शरीरातला बहुतेक सगळा साठा तिथेच असतो आणि नीट खाणाऱ्या माणसाकडे तो काही महिने पुरेल एवढा असतो. त्यामुळे एक दिवस गाजर खाल्लं नाही म्हणून काही बिघडत नाही, पण रोज थोडं थोडं जास्त गेलं तर ते साचत जातं आणि काही महिने तरी कळतसुद्धा नाही.

काम काय करतं? डोळ्यांचं तर सगळ्यांना माहीत असतं. डोळ्याच्या पडद्यावर अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यातलं रोडॉप्सिन नावाचं द्रव्य व्हिटॅमिन ए पासूनच बनतं, म्हणून ते कमी पडलं की पहिल्यांदा संध्याकाळनंतरचं दिसणं जातं, म्हणजे रातांधळेपणा. (हे नेमकं कसं चालतं ते शोधणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.) त्यापुढे डोळा कोरडा पडतो आणि फारच कमतरता असेल तर बुबुळाचा समोरचा भाग मऊ होऊन कायमची दृष्टी जाते. जगभरात लहान मुलांच्या टाळता येण्याजोग्या अंधत्वाचं हे सगळ्यात मोठं कारण मानलं जातं आणि अशा मुलांना गोवरसुद्धा जास्त जड जातो.

स्किनमध्ये त्याचं काम म्हणजे पेशींना सूचना देणं. व्हिटॅमिन ए चं शेवटचं रूप रेटिनॉइक ॲसिड, ते पेशीच्या केंद्रात जाऊन तिथल्या रिसेप्टरला (सूचना घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं आणि कुठली जनुकं चालू ठेवायची, कुठली बंद, हे ठरवतं. नवीन पेशी किती वेगाने तयार व्हायच्या, वर येता येता कशा मोठ्या व्हायच्या, तेलग्रंथीच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बसायच्या की सुट्या होऊन पडायच्या, हे सगळं त्यावर चालतं. कमतरता झाली की स्किन कोरडी होते आणि कोपर, मांड्या, दंड इथे केसांच्या मुळाशी खरखरीत टोकदार पुटकुळ्या येतात. त्याला वैद्यकीय नाव आहे फ्रायनोडर्मा, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ बेडकाची कातडी. पण दंडावर खरखरीत दाणे दिसले म्हणून लगेच कमतरता आहे असं समजू नका, तसे दाणे केराटोसिस पिलारिसमध्येही येतात आणि ते खूपच जास्त लोकांना असतं, त्याचा व्हिटॅमिनच्या कमतरतेशी सहसा काही संबंध नसतो.

किती लागतं आणि लेबल कसं वाचायचं

मोठ्या पुरुषाला दिवसाला ९०० मायक्रोग्रॅम, बाईला ७००, गरोदरपणात ७७०, अंगावर पाजत असेल तर १३००. ही अमेरिकेतली शिफारस आहे, बाकी ठिकाणी आकडे थोडे इकडेतिकडे असतात पण अंदाज यायला पुरेसे आहेत. वरची मर्यादा मोठ्या माणसाला ३००० मायक्रोग्रॅम, आणि ती फक्त तयार रेटिनॉलची मर्यादा आहे, भाज्यांमधल्या कॅरोटीनची नाही. गरज ७०० आणि मर्यादा ३०००, म्हणजे मधलं अंतर जेमतेम चौपट, आणि इतकं कमी अंतर फार थोड्या व्हिटॅमिनचं असतं. एक कॅप्सूल जास्त घेतली तर काय होतंय, हे वाक्य इथे म्हणूनच चालत नाही.

आता डबा हातात घ्या. त्यावर आकडा आययूमध्ये (IU, व्हिटॅमिन मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) लिहिला असेल तर रेटिनॉलसाठी त्याला ०.३ ने गुणा, आले मायक्रोग्रॅम. म्हणजे ५००० आययू लिहिलं असेल तर १५०० मायक्रोग्रॅम, आणि १०,००० आययू म्हणजे ३०००, एका गोळीत अख्खी मर्यादा. मग बघा की नाव काय लिहिलंय. रेटिनिल पाल्मिटेट किंवा रेटिनिल ॲसिटेट असेल तर ते तयार व्हिटॅमिन ए, ते पूर्ण मोजायचं. बीटा कॅरोटीन असेल तर त्याचा हिशोब वेगळा, आणि बऱ्याच गोळ्यांमध्ये दोन्ही मिसळलेलं असतं, तेव्हा किती टक्के कुठलं ते बारीक अक्षरात दिलेलं असतं. हे करताना सगळे डबे एकत्र समोर ठेवा: मल्टिव्हिटॅमिन, माशाच्या यकृताचं तेल, केस आणि नखांच्या गोळ्या, डोळ्यांच्या गोळ्या, प्रोटीन पावडर. प्रत्येक डबा एकटा बघितला तर ठीकच वाटतो, माझी चूक नेमकी तिथेच झाली होती. आणि फिश ऑइल आणि कॉड लिव्हर ऑइल यात गल्लत करू नका, पहिलं माशाच्या मांसातून काढतात, त्यात व्हिटॅमिन ए नगण्य असतं, दुसरं यकृतातून काढतात आणि त्याच्या एका मोठ्या चमच्यात ४००० मायक्रोग्रॅम असू शकतं.

खाण्यातून बघायचं तर एक मध्यम भाजलेलं केशरी गराचं रताळं सालासकट साधारण १४०० मायक्रोग्रॅम देतं, अर्धा कप शिजवलेला पालक ५७० च्या आसपास, अर्धा कप कच्चं गाजर ४६०, एक अंडं ७५. आंबा, पपई, लाल भोपळा, लाल सिमला मिरची यातही मिळतं. या आकड्यांत कॅरोटीनचं रूपांतर आधीच धरलेलं आहे, कारण अन्नातलं १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन १ मायक्रोग्रॅम रेटिनॉलएवढं मानतात. आणि कलेजी बघा, गाईच्या ८५ ग्रॅम कलेजीत साडेसहा हजार मायक्रोग्रॅम! म्हणून ती कधीतरी खायची गोष्ट, रोज नाही, आणि गरोदर बाईने तर नकोच.

भाजीतलं कॅरोटीन नुसतं खाऊन पुरेसं शोषलं जात नाही, त्याबरोबर थोडं तेल किंवा दुसरी काही चरबी हवी, आणि कच्च्यापेक्षा शिजवलेलं किंवा बारीक केलेलं गाजर जास्त उपयोगी पडतं कारण पेशींच्या भिंती फुटतात. अजिबात तेल नसलेलं डाएट करणारे, पचनाचे किंवा यकृताचे आजार असणारे, वजन कमी करायला चरबी शोषू न देणारं औषध घेणारे, यांनी मात्र डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवं, त्यांच्याकडे खरी कमतरता असू शकते. बाकी ज्यांच्या ताटात रोज एखादी हिरवी पालेभाजी किंवा केशरी रंगाची भाजी आणि थोडं दूध-अंडं असतं त्यांना स्किनसाठी म्हणून वेगळी व्हिटॅमिन ए ची गोळी घ्यायची गरज मला तरी दिसत नाही. गरजेपेक्षा जास्त घेऊन स्किन जास्त छान होत नाही, उलट जास्त झाल्याची पहिली लक्षणं स्किनवरच दिसतात.

ती लक्षणं अशी: ओठ सारखे फुटणं, स्किन कोरडी पडून खाज, केस गळणं, डोकं दुखणं, मळमळ, हाडं आणि सांधे दुखणं, आणि पुढे यकृताला इजा. याचं एक जुनं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. १५९७ साली विलेम बॅरेंट्सच्या मोहिमेतले डच खलाशी आर्क्टिकमध्ये अडकले होते, त्यांनी ध्रुवीय अस्वलाचं यकृत खाल्लं आणि सगळे आजारी पडले, तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली, हे त्यांच्यातल्या गेरिट दे वीरने लिहून ठेवलंय. व्हिटॅमिन हा शब्दसुद्धा तेव्हा तीनशे वर्षं दूर होता. ध्रुवीय अस्वलाच्या यकृतात व्हिटॅमिन ए इतकं प्रचंड असतं की एका जेवणात माणूस मरणाच्या दारात जाऊ शकतो.

गाजराचा रस रोज पिणाऱ्यांचे तळहात आणि तळपाय पिवळे-केशरी होतात तो प्रकार वेगळा, ते कॅरोटीन साठल्यामुळे होतं, त्याने नुकसान होत नाही आणि रस कमी केला की काही आठवड्यांत रंग जातो. कावीळ आहे की हे आहे ते डोळ्यांवरून ओळखा, काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, यात तो पांढराच राहतो. शंका असेल तर रक्त तपासा, अंदाजावर बसू नका.

सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या गोळ्या अजिबात घेऊ नका. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली, रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन देऊन, या आशेने की कॅन्सर कमी होईल, आणि १९९४ ला निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी १९९६ ला मुदतीआधी थांबवावी लागली. हे गोळ्यांबद्दल आहे, गाजराबद्दल नाही, गाजर खुशाल खा.

लहान मुलांना आरोग्य कर्मचारी सहा महिन्यांतून एकदा जो मोठा डोस पाजतात तो बघून कुणी घाबरू नये आणि घरी त्याची नक्कलही करू नये. जिथे कमतरता खूप आहे तिथे जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीने ठराविक वयाच्या मुलांना ठराविक अंतराने तो मोजून देतात.

आता चेहरा: कुठलं घ्यायचं

दुकानातल्या आणि प्रिस्क्रिप्शनच्या सगळ्या व्हिटॅमिन ए वाल्या गोष्टींना मिळून रेटिनॉइड म्हणतात. स्किनमध्ये काम करतं ते रेटिनॉइक ॲसिड, बाकीच्यांना आधी त्याच्यापर्यंत पोचावं लागतं. रेटिनिल पाल्मिटेटचं आधी रेटिनॉल होतं, रेटिनॉलचं रेटिनाल्डिहाइड, त्याचं रेटिनॉइक ॲसिड. जेवढ्या पायऱ्या जास्त तेवढा जोर कमी आणि त्रासही कमी. रेटिनिल पाल्मिटेट तीन पायऱ्या लांब, म्हणून फार सौम्य, रेटिनॉल दोन, रेटिनाल्डिहाइड (यालाच रेटिनाल म्हणतात) एक, आणि ट्रेटिनॉइन म्हणजे साक्षात रेटिनॉइक ॲसिडच, म्हणून ते औषध आहे आणि डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं.

ट्रेटिनॉइनला अमेरिकेत १९७१ मध्ये मुरमांसाठी मान्यता मिळाली. त्यावर काम करणारे स्किन डॉक्टर अल्बर्ट क्लिगमन यांच्या लक्षात आलं की मुरमांसाठी लावणाऱ्या मोठ्या वयाच्या बायका म्हणतायत की स्किन मऊ झाली आणि बारीक सुरकुत्या कमी दिसतायत, आणि तिथून उन्हाने खराब झालेल्या स्किनवरचा अभ्यास सुरू झाला. आज चेहऱ्यावर लावायच्या गोष्टींमध्ये सनस्क्रीन सोडलं तर एवढा भक्कम पुरावा दुसऱ्या कशाचाच नाही असं मला वाटतं. कोलॅजेन (स्किनला घट्ट ठेवणारं प्रथिन) बनणं वाढतं, कोलॅजेन तोडणारी एन्झाइम्स कमी होतात, डाग फिके होतात, ब्लॅकहेड्स अडकायच्या आधीच सुटतात.

मग तुमच्यासाठी कुठलं? मुरूम आणि ब्लॅकहेड्स हाच मुख्य त्रास असेल तर ॲडापलीन (हेही एक रेटिनॉइडच) ०.१ टक्का जेल चांगलं, ते ट्रेटिनॉइनपेक्षा कमी जळजळतं आणि उजेडात लवकर खराब होत नाही. ते सगळीकडे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही, अमेरिकेत २०१६ पासून मिळतं. बारीक सुरकुत्या, खडबडीतपणा, फिके डाग असतील आणि पहिल्यांदाच लावताय तर रेटिनॉल ०.१ ते ०.३ टक्के, बस्स. खोल डाग, उन्हाने बरीच खराब झालेली स्किन असेल तर डॉक्टरांकडे जाऊन ट्रेटिनॉइन, बहुतेकदा ०.०२५ पासून सुरुवात करतात. टक्केवारीची तुलना एकाच पदार्थाच्या आतच करा, ट्रेटिनॉइन ०.०२५ हा आकडा रेटिनॉल ०.३ पेक्षा लहान दिसतो पण जोराला कितीतरी जास्त असतो.

युरोपियन युनियनने २०२४ मध्ये नियम केला की चेहऱ्याच्या क्रीममध्ये रेटिनॉल ०.३ टक्क्यांपर्यंत आणि बॉडी लोशनमध्ये ०.०५ टक्क्यांपर्यंतच ठेवायचं, आणि पॅकवर लिहायचं की यात व्हिटॅमिन ए आहे, वापरायच्या आधी तुम्ही दिवसाला किती घेताय त्याचा विचार करा. क्रीममधून रक्तात जातं ते तसं थोडंच, पण जे लोक खाण्यातून आणि गोळ्यांतून आधीच मर्यादेजवळ असतात त्यांच्यासाठी तेवढंही मोजायला हवं असं त्यांचं म्हणणं. माझ्या डॉक्टरांनी डब्यांवरचे आकडे का मागितले ते हे वाचल्यावर मला पूर्ण कळलं.

लावायचं कसं

रात्री लावायचं. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टॉवेलने टिपून घ्या, आणि मग थांबा, वीस ते तीस मिनिटं. ओलसर स्किनवर हे जास्त आत जातं आणि जास्त जळजळतं. ही वाट बघणं सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं पण पहिल्या दोन महिन्यांत तरी टाळू नका, तोंड जरा लवकर धुवून ठेवायचं आणि झोपायच्या वेळी लावायचं.

अख्ख्या चेहऱ्याला एका वाटाण्याएवढं पुरतं. कपाळ, दोन गाल, हनुवटी असे चार ठिपके द्या आणि पसरवा. जिथे पिंपल आहे तिथेच थापायचं असं करू नका, ते पिंपल बसवायला नसतं, नवीन होऊ नयेत म्हणून असतं, म्हणून सगळीकडे पातळ. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे सोडा, तिथे आधी व्हॅसलिनसारखं काहीतरी लावून ठेवलंत तर अजून चांगलं कारण क्रीम रात्रीत सरकत जातं. मानेची स्किन पातळ असते, चेहऱ्याला सवय झाल्यावरच तिथे जा आणि मॉइश्चरायझरमध्ये मिसळूनच जा. नंतर हात धुवा. वरून साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर.

स्किन नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, परत मॉइश्चरायझर असं तीन थरांत लावा. जोर थोडा कमी होतो, पण तीन दिवसांत सोडून देण्यापेक्षा कमी जोराने सहा महिने लावलेलं केव्हाही चांगलं. ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलीन असेल तर अजून एक पद्धत आहे, लावून अर्धा-एक तास ठेवायचं आणि धुवून टाकायचं, आणि हळूहळू ती वेळ वाढवत न्यायची.

किती वेळा? पहिले दोन आठवडे आठवड्यातून फक्त दोन रात्री, मध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवून. काही त्रास नाही तर पुढचे दोन-तीन आठवडे तीन रात्री, मग एक दिवसाआड. बऱ्याच लोकांनी एक दिवसाआडच्या पुढे गेलं नाही तरी चालतं, रोज लावलंच पाहिजे असं काही नाही, आणि रोज लावायचं ठरवलंत तर तीन महिन्यांच्या आत नको. टक्केवारी वाढवायची असेल तर पहिली ट्यूब संपल्यावर, आणि वाढवताना परत दोन रात्रींपासून सुरुवात. मी दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा ०.२ टक्के घेतलं आणि कॅलेंडरवर खुणा केल्या, कारण आज लावायचं की उद्या हे दोन दिवसांतच विसरायला होतं.

ज्या रात्री हे लावाल त्या रात्री ग्लायकोलिक, सॅलिसिलिक वगैरे ॲसिड नको, स्क्रब नको, फेस ब्रश नको. व्हिटॅमिन सी सकाळी लावा. बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ट्रेटिनॉइन एकावर एक लावलं तर ट्रेटिनॉइन खराब होतं, म्हणून एक सकाळी एक रात्री, ॲडापलीनबरोबर मात्र चालतं, दोन्ही एकत्र असलेलं जेलसुद्धा मिळतं. नायसिनामाइड, सेरामाइड, हायलुरॉनिक ॲसिड बिनधास्त लावा, त्यांनी मदतच होते. वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग करायचं असेल तर त्या भागावर आठवडाभर आधी लावणं बंद करा, नाहीतर कातडीच ओढली जाते, आणि पील किंवा लेझर करणार असाल तर डॉक्टरांना सांगा की हे लावताय.

सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर, रोज, ढगाळ दिवशी पण. चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांवर लांब पट्टी घेतली तेवढं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. वरचा मेलेल्या पेशींचा थर पातळ झालेला असतो म्हणून ऊन लवकर लागतं, आणि ज्या डागांसाठी तुम्ही रात्री हे लावताय तेच डाग दिवसा सनस्क्रीनशिवाय फिरल्याने परत गडद होतात. सनस्क्रीन जमणार नसेल तर रेटिनॉइड सुरूच करू नका असं मी स्पष्ट सांगेन.

त्रास झाला तर

पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत थोडं कोरडं पडणं, बारीक साल निघणं, हलका लालसरपणा हे होतंच, स्किन सवय करून घेत असते. मुरूम असणाऱ्यांना सुरुवातीला जास्त मुरूम येतात, कारण आत अडकलेलं लवकर वर येतं. ते ओळखायचं कसं? जिथे तुम्हाला नेहमी येतात तिथेच येतायत आणि लवकर जातायत तर थांबा, कमी होईल. पण जिथे कधीच येत नव्हते तिथे पुरळ, खाज, पाणी लावलं तरी आग, स्किन चकचकीत आणि ताणल्यासारखी, चिरा, असं काही असेल तर तो सवयीचा भाग नाही, तिथे स्किनचं वरचं कवच तुटलंय. लगेच बंद करा. दोन आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, जाड मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बाकी सगळं कपाटात. पूर्ण शांत झाल्यावर कमी टक्क्याने, दोन रात्रींपासून. सूज आली, पाणी सुटलं, डोळे सुजले तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा.

फरक किती दिवसांत? मुरमांना ८ ते १२ आठवडे. खडबडीतपणा साधारण तेवढ्यातच कमी वाटायला लागतो. डाग आणि बारीक सुरकुत्या तीन ते सहा महिने, आणि रेटिनॉलवर असाल तर त्याहून जास्त. सुरुवात करायच्या आधी एक फोटो काढून ठेवा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, आणि दर महिन्याला तसाच एक, कारण आरशात रोज बघून आपल्याला फरक कळत नाही आणि तिसऱ्या महिन्यात लोक कंटाळून सोडतात, अगदी फरक दिसायच्या तोंडावर.

कुणी अजिबात लावायचं नाही

गरोदर असाल किंवा मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील तर कुठलंच रेटिनॉइड नको, ना क्रीम ना सीरम. पोटातून जास्त व्हिटॅमिन ए गेलं तर बाळात जन्मजात दोष होऊ शकतात हे पक्कं माहीत आहे, म्हणून गरोदरपणात १०,००० आययूच्या वर तयार व्हिटॅमिन ए घ्यायचं नसतं. क्रीममधून फार थोडं जातं, तरी डॉक्टर थांबवायलाच सांगतात, आणि ते बरोबर आहे कारण सुरकुत्यांचं नऊ महिन्यांनी बघता येतं. नकळत लावलं गेलं असेल तर घाबरून जाऊ नका, बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना विचारा. त्या काळात मुरूम आणि डागांसाठी ॲझेलिक ॲसिड लावता येतं, तेही विचारूनच. बकुचिऑल म्हणून बावचीपासून काढलेलं जे विकतात ते व्हिटॅमिन ए नाहीच, एका छोट्या चाचणीत १२ आठवड्यांत ते रेटिनॉलच्या बरोबरीने ठरलं, पण एका छोट्या चाचणीवर मी तरी फार भर देणार नाही.

एक्झिमा भडकलेला असेल, ऊन लागून चेहरा लाल असेल, कुठे जखम असेल तर ते बरं झाल्यावरच.

आणि मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर हे सगळं बाजूला ठेवा. ती गोळी म्हणजे व्हिटॅमिन ए चंच एक रूप आहे, १९८२ पासून वापरात आहे, गंभीर मुरमांवर तिच्याएवढं काम दुसरं कुठलंच औषध करत नाही, पण तिच्याबरोबर व्हिटॅमिन ए असलेली कुठलीच गोळी घ्यायची नाही, टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिक घ्यायची नाहीत, रक्तातली चरबी आणि यकृत तपासत राहायचं, वॅक्सिंग गोळ्या चालू असताना आणि नंतर सहा महिने करायचं नाही, आणि बायकांनी गोळ्यांच्या आधी एक महिना, गोळ्या चालू असताना आणि संपल्यावर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत, यात काहीही सूट नाही. गोळ्या चालू असताना आणि संपल्यावर महिनाभर रक्तदानसुद्धा करायचं नाही, कारण ते रक्त कुठल्या गरोदर बाईला जाईल सांगता येत नाही. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊन सुरू करणारी मुलं-मुली मी बघितलीत, कृपा करून असं करू नका.

ट्यूब कशी ठेवायची

रेटिनॉल हवा, उजेड आणि उष्णता तिन्हीने खराब होतं. पारदर्शक काचेच्या ड्रॉपरवाल्या बाटलीत विकतात ते छान दिसतं पण प्रत्येक वेळी झाकण उघडलं की हवा आत जाते, त्यापेक्षा ॲल्युमिनियमची ट्यूब किंवा हवा आत न जाणारा पंप घ्या. खिडकीपाशी, बाथरूममध्ये, गाडीत ठेवू नका, बंद कपाटात ठेवा. उघडल्याबरोबर त्या दिवसाची तारीख मार्करने ट्यूबवर लिहा आणि पॅकवर छोट्या डबीच्या चित्रात ६ एम किंवा १२ एम असं असतं तेवढे महिने झाले की टाकून द्या. पहिल्यांदा उघडाल तेव्हा रंग बघून ठेवा, बरीच रेटिनॉल मुळातच फिकट पिवळी असतात, पण नंतर ती गडद पिवळी किंवा तपकिरी व्हायला लागली किंवा वास बदलला तर तारीख बाकी असली तरी ती ट्यूब वापरू नका.